किती फुटांवर?

बोट विकायची होती, आणि विकण्याआधी ती एकदा पाण्यात चालवून पाहायची होती. त्या सकाळचं काम एवढंच होतं.

बोट हेक्टर ऑर्मिस्टनची. अठरा फुटांची, अ‍ॅल्युमिनियमची, पुढे वाऱ्यापुरता काचेचा आडोसा असलेली. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात ती समुद्रातल्या मोठ्या खडकाच्या पलीकडे एकटीच गोल गोल फिरताना सापडली होती. इंजिन चालू, गळाच्या दोन्ही काठ्या आपापल्या जागी, थर्मासमधली कॉफी अजून कोमट. फक्त हेक्टर नव्हता. तटरक्षकांनी तीन दिवस शोधलं, गावानं आणखी आठवडाभर. मग सोइंटुला या बेटावरच्या गावातल्या लोकांनी बोट धुतली, तिच्यावर ताडपत्री घातली आणि धक्क्याच्या टोकाला बांधून ठेवली. समुद्रानं नेलेल्या माणसाबद्दल त्या बेटावर कुणी फार बोलत नाही. बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी त्यानं नेलेलं असतं.

मार्याटा होन्कोला ही बाई तर अजिबात बोलायची नाही. बावीस वर्षं तिनं बेटावरचं पोस्ट सांभाळलं होतं आणि त्यातले अठरा उन्हाळे हेक्टरबरोबर साल्मन मासे धरले होते. नवरा-बायको नव्हते ते, तसलं काही नव्हतंही. आठवड्यातून दोनदा उजाडता उजाडता निघायचं, दुपारपर्यंत गळ ओढत फिरायचं, एकमेकांच्या चुका काढायच्या आणि मिळालेला मासा निम्मा निम्मा वाटून घ्यायचा. त्या सप्टेंबरात तिची दाढ ठणकत होती, म्हणून हेक्टर एकटा गेला. ही गोष्ट तिच्या मनात घर करून बसली होती. ती तिनं कुणाला सांगितली नव्हती.

आता हेक्टरचा धाकटा भाऊ वेंडल आला होता. अल्बर्टातला गव्हाचा शेतकरी, चौसष्ट वर्षांचा, आडव्या बांध्याचा, हळू बोलणारा. ट्रक चालवत दीड दिवस प्रवास, मग दोन फेरीबोटी, आणि आल्या आल्या मार्याटाच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं विचारलं होतं, ‘‘शनिवारी गिऱ्हाईक येतंय बोटीला. त्याला काय सांगू? मला बोटीतलं ओ की ठो कळत नाही.’’

‘‘एक मासा धरून ये. मग सांग, चालते म्हणून.’’

‘‘तुम्ही याल बरोबर?’’

दोन वर्षांत तिनं बोटीत पाय ठेवला नव्हता. पण त्याच्या जाड भुवया हेक्टरसारख्याच होत्या. ती हो म्हणाली.

गुरुवारी साडेसहाला दोघं धक्क्यावरून निघाले. ऑगस्टातली सकाळ, समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. वेंडलला लाइफ जॅकेटची कडी लागत नव्हती.

‘‘हे लहान आहे.’’

‘‘जॅकेट बरोबर आहे. पोट मोठं आहे.’’

वेंडल हसला. आल्यापासून पहिल्यांदाच हसला असेल. मार्याटालाही बरं वाटलं. खडकाजवळ आल्यावर तिनं इंजिन संथ केलं आणि त्याला सगळं समजावलं. बोटीच्या मागच्या कडेला एक चरखी होती. तिच्यावर पोलादी तार आणि तारेच्या टोकाला शिशाचा दहा पौंडांचा गोळा. गळाची दोरी त्या तारेला चिमट्यानं अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. गोळा जितका खाली, तितका गळ खाली. किती फूट तार गेली ते चरखीवरच्या आकड्यांवर दिसतं. मासा लागला की चिमटा सुटतो, काठी ताठ होते आणि मग माणसानं आणि माशानं एकमेकांचं काय ते बघून घ्यायचं.

‘‘साठावर ठेव,’’ ती म्हणाली. ‘‘इथं तळ एकशे चाळीसावर आहे. गोळा तळाला लावायचा नाही, खडकात अडकतो. आणि शेजारच्या बोटीतून कुणी विचारलं, किती फुटांवर लागतायत, तर खोटं सांगायचं.’’

‘‘का?’’

‘‘का म्हणजे? सगळेच सांगतात. तुमच्याकडे गव्हाचा एकरी उतारा खरा सांगतात का?’’

‘‘मी सांगतो.’’

‘‘मग तू मासे धरू नकोस.’’

सातच्या सुमाराला धुकं आलं. त्या पाण्यावर ऑगस्टात येतं तसंच. पश्चिमेला एक राखी पट्टी दिसली, दहा मिनिटांत बेट गेलं, खडक गेला, आणि बोटीच्या नाकापलीकडे काही उरलं नाही. वास तेवढे जवळ आले. ओल्या शेवाळाचा, आमिषाच्या हेरिंग माशांचा, पेट्रोलचा. दीपगृहाचा भोंगा अर्ध्या अर्ध्या मिनिटानं वाजत होता. मार्याटा घाबरली नाही. होकायंत्र होतं, भोंगा होता, तळाची खोली दाखवणारा पडदा होता. पाण्यात चाललेली तार बारीक आवाजात गुणगुणत होती. असल्या धुक्यात तिनं आणि हेक्टरनं कितीतरी मासे धरले होते.

धुक्यात माणूस मोकळं बोलतो. वेंडल तारेकडे बघत म्हणाला, ‘‘जायच्या आदल्या रात्री त्यानं मला फोन केला होता.’’

मार्याटानं होकायंत्रावर नजर टाकली.

‘‘कापणी चालू होती. मी यंत्रावर. नंबर दिसला मला त्याचा. वर्षातून एकदा फोन करायचा, तोही तास तासभर. म्हटलं, उद्या करीन.’’ त्यानं जॅकेटची कडी उगाच चाचपली. ‘‘बराच वेळ वाजला हो तो फोन. मी हातात धरून बसलो होतो.’’

‘‘माझी दाढ दुखत होती,’’ मार्याटा म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात मागच्या बाजूनं हाक आली.

‘‘किती फुटांवर?’’

पुरुषाचा आवाज. फार लांबचा नाही, फार जवळचाही नाही. एखादी बोट मागून येत असेल, असं तिला वाटलं. सवयीनं, वळूनही न बघता, तिनं ओरडून उत्तर दिलं, ‘‘चाळीस!’’

मग कुणीतरी हलकेच हसलं.

‘‘खोटं बोलतेस, मार्याटा.’’

तिचा हात सुकाणूवरच राहिला. बेटावर सगळे तिला नावानं ओळखतात, कुणीही असेल, असं ती मनाशी म्हणाली. पण आवाज तिनं ओळखला होता. ओळखला होता आणि ओळखलेला नको होता. तिनं इंजिन बंद केलं. दुसरी बोट असती तर तिचं इंजिन ऐकू आलं असतं. काहीच ऐकू आलं नाही. तिनं बोटीचं कर्ण्यासारखं शिंग घेऊन एक लांब फुंक मारली. धुक्यात कुणी असेल तर त्यानं उत्तरादाखल वाजवायचं, हा तिथला रिवाज. कुणी वाजवलं नाही.

‘‘कोण आहे?’’ वेंडलनं विचारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

‘‘असेल कुणीतरी. चल, गुंडाळ. आपण परत जाऊ.’’

‘‘किती... फुटांवर?’’

या खेपेला आवाज डाव्या हाताला होता, आणि खाली होता. बोटीत उभा असलेला माणूस जिथून बोलेल तिथून नाही. पाण्याच्या पातळीवरून.

मार्याटानं ओठांवर बोट ठेवलं. पण वेंडलचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो कडेला दोन्ही हात टेकून वाकला होता, आणि ज्याला कधी खोटं सांगता आलं नव्हतं त्या माणसानं घोगऱ्या आवाजात खरं ते सांगून टाकलं.

‘‘साठ.’’

चिमटा सुटला. काठीचं टोक एकदा वर उसळलं आणि पाण्यापर्यंत वाकलं, रीळ किंचाळत फिरायला लागलं. ‘‘काठी! काठी उचल!’’ मार्याटा ओरडली, कारण अठरा वर्षांची सवय भीतीच्या आधी जागी होते. वेंडलनं काठी पोटाशी धरली. मासा एकदा लांब पळाला, मग खाली गेला, मग अचानक त्यानं ओढणंच सोडलं. साल्मन असं करत नाही. तो बोट दिसली की पुन्हा पळतो, जाळ्याला बघून पळतो, मरेपर्यंत पळतो. हा सरळ वर येत होता. कुणीतरी खालून उचलून हातात द्यावा तसा.

मार्याटानं हातजाळ्यात तो घेतला. चांगला पस्तीस पौंडांचा, चांदीसारखा. वल्ह्याच्या तुकड्यानं डोक्यात एक ठोका मारला. तो हललासुद्धा नाही. गळ काढायला तिनं जबडा उघडला आणि तिचे हात थबकले.

जबड्यात दोन गळ होते. एक त्यांचा. दुसरा पितळी चमच्याचा, माशाला भुलवायला लावतात तसल्या चकाकत्या पत्र्याचा, त्याच्या पाठीवर हिरवा रंग आणि रंगावर तीन लाल ठिपके. हे ठिपके हेक्टर हिवाळ्यात स्वयंपाकघरात बसून, काडीपेटीच्या काडीनं, स्वतःच्या हातानं काढायचा. त्यावर दोन वर्षांचा कळंक चढायला हवा होता. चमचा लखलखत होता. त्याला वीतभर दोरी होती, आणि दोरीचं टोक दातानं तोडल्यासारखं, ओलं, ताजं होतं.

वेंडलनं तो तिच्या हातातून घेतला. ‘‘हा त्याचा आहे ना? मार्याटा, त्याचाच आहे ना?’’

‘‘तार वर घे.’’

‘‘तो इथंच आहे!’’

‘‘वेंडल, तार वर घे!’’

तेव्हा तिच्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, भोंगा वाजलेला नाही. धुकं तेच होतं, पण त्याच्या आत कुठलाच आवाज उरला नव्हता. पाणी बोटीच्या अंगाला लागत होतं तेसुद्धा ऐकू येत नव्हतं. आणि या शांततेत चरखी हळूच, आपण होऊन फिरायला लागली.

खिट्टी लावलेली होती. तिनं स्वतः लावली होती. तरी चरखी फिरत होती आणि आकडे पुढे जात होते. सत्तर. ऐंशी. शंभर. मार्याटानं मूठ पकडून सगळा जोर लावला. मूठ तिच्या हातांसकट फिरली आणि तिनं सोडून दिली. एकशे वीस. एकशे चाळीस.

‘‘आता थांबेल,’’ ती पुटपुटली. ‘‘तळ आलाय.’’

आकडे थांबले नाहीत. पडद्यावर तळाची रेघ एकशे चाळीसावर स्वच्छ दिसत होती, आणि तार तिच्या खाली चालली होती. एकशे साठ. एकशे ऐंशी. प्रवाहात तार नेहमी मागे तिरकी जाते. ही उभी होती, ओळंब्यासारखी.

‘‘आणखी... सोड...’’

आवाज आता बाजूला नव्हता. तारेतून येत होता. तिची ती बारीक गुणगुण होती ना, तिचेच शब्द होत होते.

दोनशे दहावर तार संपली. बोटीला हिसका बसला. मागची कड खाली गेली, मग आणखी खाली, आणि हिरवं थंड पाणी संथपणे आत यायला लागलं. मेलेला मासा त्यावर तरंगला आणि त्यांच्या बुटांवर येऊन टेकला.

मार्याटा गुडघ्यांवर बसून हत्यारांची पेटी उपसत होती. तार कापायची पक्कड होती त्यात, नेहमी असायची. मागं बघितलं तर वेंडलनं दोन्ही हातांनी तार धरली होती.

‘‘सोड ती! हात कापेल!’’

‘‘ओढतोय तो,’’ वेंडल म्हणाला. त्याच्या तळव्यांतून रक्त गळत होतं, पण चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ‘‘बघ, हात लावून बघ. तीनदा ओढतो, थांबतो. तीनदा ओढतो, थांबतो. खोळंबलाय तो, मार्याटा. कुणीतरी उचलावं म्हणून...’’

‘‘तो हेक्टर नाही.’’

‘‘आवाज ओळखलास तू. मघाशीच ओळखलास. तुझ्या तोंडावर दिसलं मला.’’

‘‘आवाज त्याचा आहे.’’ ती पेटीतलं एकेक हत्यार बाहेर फेकत होती. ‘‘पण मला ओढून खाली नेणारा हेक्टर नव्हता रे. अठरा वर्षं त्यानं मला कधी जॅकेटशिवाय उभं राहू दिलं नाही.’’

पाणी घोट्यांवर आलं. तिला पक्कड सापडली. ती पुढे सरकली तशी वेंडलनं खांद्यानं तिला मागं ढकललं, दुखावेल इतक्या जोरानं. ती पेटीवर आपटली. वेंडल तारेवर वाकला, तारेला गाल लावला आणि आत बोलावं तसा बोलला. हळू नाही, मोठ्यानं, रडत.

‘‘हेक्टर! चुकलो मी! उचलायला हवा होता! चल... माझ्याबरोबर घरी चल!’’

गुणगुण थांबली.

त्या एका क्षणात मार्याटानं त्याच्या काखेखालून हात घातला आणि पक्कड दाबली. तार तुटली. बोट मागून अशी उसळली की दोघंही पुढच्या काचेवर जाऊन आदळले. तिनं कसंबसं इंजिन चालू केलं, पूर्वेचा काटा धरला आणि वेगाची मूठ पूर्ण पिळली. मागं बघितलं नाही. थोड्या वेळानं दीपगृहाचा भोंगा वाजला, मग पुन्हा वाजला, आणि ती सुकाणूवर डोकं टेकून ढसढसा रडली.

धक्क्याच्या अलीकडे ऊन होतं. वेंडल मागच्या बाकावर बसला होता. तिनं त्याच्या हातांना फडकी बांधली, मासा समुद्रात टाकून दिला. तिला वाटलं होतं, हा आता कोसळेल, दोष देईल, निदान शिव्या तरी घालील. पण तो शांत होता. पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखा.

‘‘मला माफ कर,’’ ती म्हणाली. ‘‘तोडावीच लागली.’’

‘‘नाही, नाही. बरोबर वेळेवर तोडलीस,’’ वेंडल म्हणाला.

तो शनिवारपर्यंत थांबला नाही. बोटीचं तूच बघ म्हणाला आणि त्याच संध्याकाळच्या फेरीबोटीनं निघाला. धक्क्यावर मार्याटानं हात हलवला. त्याच्या ट्रकच्या काचा धुरकटलेल्या होत्या, तिला तो नीट दिसलासुद्धा नाही.

शनिवारी बोट विकली गेली. गिऱ्हाइकाला तिनं तुटलेल्या तारेचं काही सांगितलं नाही, नवी घालून दिली. रात्री दोनदा तिला जाग यायची, मग एकदा, मग महिनाभरात झोप लागायला लागली. आपण कापली ती तार आणि प्रकरण तिथं तुटलं, असं तिनं स्वतःला पटवलं होतं. पटतही होतं.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी फोन वाजला. वेंडलची बायको थेल्मा बोलत होती. दोघी कधी भेटलेल्या नव्हत्या. थेल्मानं आधी हवापाण्याचं विचारलं, मग माफ करा म्हणाली, मग आवाज खाली आणला.

‘‘तुम्हाला एक विचारायचं होतं. वेंडलनं तुमच्याकडून येताना ज्यांना बरोबर आणलंय, ते किती दिवस राहणार आहेत, काही कल्पना आहे का?’’

‘‘कुणाला?’’ मार्याटानं विचारलं.

‘‘वेंडल काही नीट सांगतच नाही. बेटावरचा माणूस आहे म्हणतो, दमलाय म्हणतो. मला वाटलं, हेक्टरचे कुणी मित्र असतील. तुमच्या ओळखीचे असतील.’’

‘‘तुम्ही बघितलंत त्यांना?’’

‘‘नाही ना. तेच तर. महिना झाला, ट्रकमधून उतरलेच नाहीत. अंगणात ट्रक उभा आहे, त्यातच बसून असतात. वेंडल सकाळ-संध्याकाळ कॉफी नेऊन देतो, तासन्‌ तास तिथंच बोलत बसतो. गहू कापायचा राहिलाय सगळा. मी म्हटलं, अहो पाहुण्यांना आत तरी आणा, तर म्हणतो, त्यांना सवय होऊ दे आधी. इथं पाऊस नाही, थेंब नाही, आणि त्या ट्रकच्या काचा बाई आतून नुसत्या वाहत असतात. खाली चिखल झालाय.’’

‘‘थेल्मा,’’ मार्याटा म्हणाली, ‘‘वेंडल कुठंय?’’

‘‘शेवटच्या शेताकडे गेलाय, आज पहिल्यांदाच. मी एकटीच आहे घरी, म्हणून तर फोन केला.’’ पलीकडे कुठंतरी लोखंडी दार करकरलं. ‘‘थांबा हं... अगंबाई, उतरले की! पायऱ्यांपाशी येऊन उभे राहिलेत. भिजलेत हो सगळे. काहीतरी विचारतायत मला, ऐकू येत नाही नीट...’’

‘‘उत्तर देऊ नका.’’

‘‘काय म्हणालात? एक मिनिट.’’ रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला, मग थेल्मा पुन्हा आली, अगदी दबक्या आवाजात, थोडीशी संकोचून.

‘‘आत येऊ का म्हणतायत. हो म्हणू ना?’’